हाताची घडी आणि चिपाडाची गाडी

रब्बीची ज्वारी निघाली, खळी उरकली आणि कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या, की नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील गावोगाव एक कारखाना सुरू होत असे. काही वाड्यावस्त्यांवर तो अजूनही सुरू होतो. त्याला भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही, आणि त्यातील कारागिरांचे वय सहा ते दहा वर्षांचे असते. ज्वारीचे वाळलेले चिपाड घ्यावयाचे, त्याचे कडक सालपट सोलून काढावयाचे, आतील हलक्या भेंडाचे तुकडे करावयाचे आणि सालपटाच्या अणकुचीदार काड्या त्यांत खुपसून ते एकास एक जोडावयाचे. घटकाभरात बैलगाडी उभी राहते. परंतु पहिल्या खेपेस ती बहुधा चालत नाही. चाक आसाला घट्ट बसलेले असते, त्यामुळे ते फिरण्याऐवजी फरफटते. मुलगा चाकाचे भोक थोडे मोठे करतो. आता चाक फिरते, पण चार पावलांवर निसटून पडते. मग आसाच्या टोकाला आडवी काडी टोचून तो खीळ बसवितो. गाडी चालू लागते.

या घटकाभराच्या खेळात त्या मुलाने काय केले, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. दोष कोठे आहे हे त्याने ओळखले, त्याचे कारण शोधले, त्यावर उपाय योजला. त्या उपायातून नवा दोष उत्पन्न झाला तेव्हा हातपाय न गाळता त्याचेही निवारण केले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत चार वर्षे ज्या वृत्तीची जोपासना व्हावी अशी अपेक्षा असते, ती हीच. फरक एवढाच, की या मुलाजवळ त्या वृत्तीला नाव नाही आणि तिला कोणी गुण देत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा शाळेत जातो. तेथे त्याला जी पहिली शिस्त लागते, तिची आज्ञा महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांना तोंडपाठ आहे : हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग शांत ठेवण्याची ती एक साधी युक्ती आहे आणि पन्नास मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाला तिचा मोह व्हावा यात नवल नाही. तथापि, तिच्यातून नकळत एक फार मोठी गोष्ट शिकविली जाते. शिकणे म्हणजे हात बांधून ऐकणे, आणि हातांनी काही करणे म्हणजे शिकणे थांबविणे, ही ती गोष्ट होय. ज्या जिल्ह्याचे सारे जीवित पाणी अडविण्याच्या, उचलण्याच्या आणि वाटून घेण्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे, त्या जिल्ह्याला हा धडा परवडणारा नाही.

१९८३ हे साल

नगर जिल्ह्याच्या, २०२४ साली ज्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले त्या जिल्ह्याच्या, तांत्रिक शिक्षणाच्या इतिहासात १९८३ हे साल महत्त्वाचे आहे. विनाअनुदान तत्त्वावर खासगी संस्थांना अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची वाट महाराष्ट्रात मोकळी झाली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये निघाली. सहकारी साखर कारखानदारीने उभ्या केलेल्या आर्थिक पायावर हे शैक्षणिक मजले चढले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीच्या माळावर उभा राहिलेला कारखाना १९५०-५१ च्या हंगामात गाळप करू लागला होता. त्यानंतर तेहतीस वर्षांत शेतकऱ्याच्या मुलाला अभियंता होण्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही. ही कामगिरी लहान नव्हे.

योगायोग असा, की त्याच १९८३ साली शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी, तांत्रिक शिक्षणाचा एक निराळाच प्रयोग सुरू झाला. शिरूर हा नगरच्या पारनेर व श्रीगोंदे या तालुक्यांचा सख्खा शेजारी. पाऊसही तसाच बेभरवशाचा आणि माणसेही त्याच मुशीतील. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत उच्च शिक्षण आणि हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीत संशोधनाचे मोठे पद, असा आयुष्याचा क्रम चालू असताना त्यांनी तो सोडून पाबळला विज्ञान आश्रमाची स्थापना केली. काम करता करता शिकणे हीच शिकण्याची नैसर्गिक रीत आहे, हे त्यांचे सूत्र होते. माध्यमिक शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम सिद्ध केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलांनी पत्रा कापावा, वेल्डिंग करावे, विजेची जोडणी करावी, रोपे वाढवावीत, रक्तगट तपासावा. ही कामे गावाला उपयोगी पडतील अशीच असावीत, आणि त्यांतून गणित, विज्ञान व हिशेब शिकावा. २००२ साली जगातील पहिल्यावहिल्या फॅब लॅबपैकी एक अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या साहाय्याने पाबळलाच निघाली, ती काही अपघाताने नव्हे. २००३ साली डॉ. कलबाग निवर्तले, काम पुढे चालू राहिले.

या दोन वाटांची तुलना करून एकीला थोर आणि दुसरीला लहान ठरविण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की एक वाट बारावीनंतर सुरू होते आणि दुसरी आठवीत. त्याखाली काय?

खालचा मजला रिकामा

सरकारी योजनांकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरच्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब नावाच्या प्रयोगशाळा उघडल्या. एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्रिमिती मुद्रणाचे यंत्र, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग अशी सामग्री. अशा दहा हजारांवर प्रयोगशाळा निघाल्या, आणि आणखी पन्नास हजार सरकारी शाळांत पाच वर्षांत त्या काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. परंतु त्यांचे दार उघडते ते सहावीच्या विद्यार्थ्याला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा दिवस दप्तराविना शाळा सुचविली आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे असे म्हटले. तीही सूचना सहावी ते आठवीसाठी. याच धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मानाचे स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि, तयार खेळण्याशी खेळणे आणि खेळणे तयार करणे यांत अंतर आहे. पहिल्यात मूल रमते. दुसऱ्यात ते अडते, आणि अडल्यावर वाट काढते.

म्हणजे चिपाडाची गाडी करणारे पोर सहा वर्षांचे असते तेव्हा शाळा त्याला हाताची घडी घालावयास सांगते, आणि ते अकरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यापुढे लाखो रुपयांची यंत्रसामग्री मांडून म्हणते, आता काहीतरी नवे करून दाखव. मधल्या पाच वर्षांत त्या हातांचे काय झाले, याची विचारपूस कोणी करीत नाही. चूक होईल या भीतीने हात न उचलणे, उत्तर आधी पुस्तकात शोधणे, ते तेथे नसेल तर शिक्षकांच्या चेहऱ्यावर शोधणे, या सवयी तोवर अंगवळणी पडलेल्या असतात. ज्या इमारतीचा पाया घातला गेला नाही, तिच्या पाचव्या मजल्यावर उत्तम फरशी बसविण्याचा हा प्रकार आहे.

जुनीच ओळख

लहान मुलांच्या हाती वस्तू द्याव्यात, त्यांना रचू द्यावे, मोडू द्यावे, हा विचार काही आजचा नव्हे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली सुरू केलेल्या संस्थेतून पुढे किंडरगार्टन हे नाव जगभर गेले. त्यांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे लाकडी गोळे, घन आणि ठोकळे. विख्यात अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने त्यांना बालपणी हे ठोकळे आणून दिले होते, आणि आपल्या कलेचे मूळ त्या ठोकळ्यांत असल्याचे ते उतारवयातही सांगत. महाराष्ट्रात या विचाराला आपल्या मातीचा रंग दिला तो ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघाच्या कार्याचा आरंभ केल्यावर, १९४५ साली त्यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, खेड्यातील व आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात. नाव सर्वत्र पोचले. त्या नावामागील शिंपले आणि बिया मात्र पोषण आहाराच्या नोंदवह्यांखाली बऱ्याच ठिकाणी दबून गेल्या.

याच धाग्याचे दुसरे टोक अरविंद गुप्ता यांच्या कामात सापडते. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत मालमोटारी बांधणारा हा माणूस १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्याने भूमितीचा एक संच तयार केला. नळीच्या तुकड्यांत काड्या खोचून मूल चौकोन करते. बोटाने दाबताच तो कलतो. त्रिकोण करते, तो कितीही दाबला तरी आकार सोडीत नाही. त्रिकोण ताठ असतो हे वाक्य फळ्यावर लिहून देता येते, पण बोटाला आलेला तो प्रतिकार लिहून देता येत नाही. त्यानंतर मुलाने वर मान करून शाळेच्या पत्र्याखालची लोखंडी कैची पाहिली, किंवा शेतातून गेलेला विजेचा मनोरा पाहिला, की त्याला त्यात आपल्या काड्या दिसतात. जग कोणीतरी विचार करून बांधलेले आहे, आणि तो विचार आपल्यालाही कळू शकतो, हा शोध बालवयात लागणे याहून मोठे शिक्षण कोणते?

जिल्हा हीच प्रयोगशाळा

नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, अशा शिक्षणासाठी लागणारी साधने येथे विपुल आहेत. ज्या शहरावरून जिल्ह्याला जुने नाव पडले, ते निजामशाहीच्या काळात भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर जगत होते. कापूरवाडीसारख्या ठिकाणाहून निघालेले पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ जमिनीच्या उताराचा अचूक अंदाज घेऊन, शहरातील हौदांत आणि बागांत खेळविलेले होते. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलूखमैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती याच नगरात. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवराकाठचे अर्थकारण पालटले. जामखेड तालुक्यातील चौंडी ही अहिल्यादेवी होळकरांची जन्मभूमी. त्यांनी देशभर बांधविलेल्या घाटांची आणि विहिरींची ख्याती आजही टिकून आहे.

या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात सनावळीसह येतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्याच गोष्टी हातांनी शिकता येतात. अंगणात वाळूचा उतार करून पोकळ बांबूतून पाणी न्यावयास सांगितले, तर खापरी नळ बसविणाऱ्या कारागिरासमोरचा प्रश्न आठ वर्षांच्या मुलासमोर जसाच्या तसा उभा राहतो : उतार कमी पडला तर पाणी थांबते, अधिक झाला तर सांध्यातून उसळते. पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन छिद्रे पाडून पाणी भरले, तर सर्वांत खालच्या छिद्रातून धार सर्वांत जोराने निघते; मग भंडारदऱ्याची भिंत तळाशी जाड आणि माथ्याशी निमुळती का, हे सांगावे लागत नाही. दिवाळीत मुले किल्ले करतात. दगड, माती, पोती यांचा तो डोंगर पहिल्या दिवशी एका बाजूने ढासळतो. मग मुले खाली मोठे दगड लावतात आणि भिंतीला आत कलविते ठेवतात. सुट्टीतील करमणूक म्हणून ज्याकडे पाहिले जाते, तो वस्तुतः स्थापत्यशास्त्राचा पहिला पाठ असतो.

मुलींची भातुकलीही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. चुलीला तीनच दगड का? चार मांडले तर एक कोठेतरी उंच किंवा सखल राहतो आणि भांडे डुगडुगते. तीन दगडांवर ते नेहमी स्थिर बसते. हे सत्य कळण्यासाठी भूमितीच्या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. परंतु मुलग्याच्या गाडीला कौतुकाने कारागिरी म्हटले जाते आणि मुलीच्या चुलीला नुसता खेळ. सावित्रीबाई फुले ज्या नगरात मिस फॅरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेण्यासाठी आल्या होत्या, तेथे तरी हा भेद टिकता कामा नये. वर्गात गाडी आणि चूल दोन्ही मांडाव्यात, आणि दोन्ही सर्वांनी कराव्यात.

मोजण्याची सवय

समस्या सोडविण्याच्या वृत्तीचा एक पाय कृतीवर असतो, तर दुसरा मोजमापावर. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने याचे उदाहरण घालून दिले आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळ, स्थलांतर आणि भांडणे यांसाठी ओळखले जात होते. समतल चर, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड ही कामे तेथे झाली, तशी ती अन्यत्रही झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. पडलेला पाऊस मोजावयाचा, विहिरींतील पातळी पाहावयाची, आणि त्यावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून यंदा कोणते पीक घ्यावे हे ग्रामसभेत ठरवावयाचे, ही रीत गावाने लावून घेतली. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यावर आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांवर निर्बंध घालण्याचे धैर्य त्या आकड्यांतून आले. जेथे वर्षाकाठी सुमारे चारशे मिलिमीटरच पाऊस पडतो, तेथे आकड्याला देवाइतका मान द्यावा लागतो.

ही सवय मोठेपणी लावावयाची म्हणजे संघर्ष. लहानपणी लावावयाची म्हणजे खेळ. उभ्या कडांचे एक भांडे उघड्यावर ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्या वेळेला, त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहावी. तिसरीतील मूल हे आनंदाने करील. चार महिन्यांनी आपल्या गावाचा आकडा तालुक्याच्या अधिकृत आकड्याशी ताडून पाहील, आणि फरक का पडला असा प्रश्न विचारील. दहा वर्षांनी तेच मूल ग्रामसभेत बसेल तेव्हा पाण्याविषयीची चर्चा आवाजाच्या चढाओढीवर चालणार नाही.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर आक्षेप घेतले जातील, आणि ते निराधार नाहीत. पहिला शिक्षकांचा. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, त्यात माहितीच्या रकान्यांची आणि निवडणुकांची कामे. त्यावर हा आणखी एक उपक्रम कोणी लादावयाचा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अहवाल, छायाचित्रे आणि स्पर्धा यांचा लवाजमा लावून ही गोष्ट सुरू झाली तर ती न झालेली बरी. आठवड्यातून एक जोडतासिका एवढीच तिची मागणी असावी. उलट, बहुवर्ग शाळेला ही पद्धत मानवते. कारण चौथीतील मूल पहिलीतील मुलाला गाठ मारावयास शिकविते, तेव्हा शिक्षकाचा एक हात मोकळा होतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मुलांच्या हाती कात्री, हातोडी द्यावयाची काय? ज्या घरांत सातव्या वर्षी विळीशी आणि खुरप्याशी ओळख होते, तेथे हा प्रश्न शाळेच्या दारातच का उद्भवतो, हे समजणे कठीण आहे. हत्यार लहान, देखरेख जवळची आणि नियम थोडे पण पक्के असले, की हत्यार वापरण्याची शिस्त हीच मोठी सुरक्षितता ठरते.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो सर्वांत खोल आहे. आमच्या पोराला सुतार करावयाचे आहे काय, असे ते विचारतील. या प्रश्नामागे शतकांचा इतिहास उभा आहे. गावगाड्याने सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्या हाती हत्यार दिले आणि अक्षर नाकारले. ज्यांच्या हाती अक्षर होते त्यांनी हत्याराला शिवणे कमीपणाचे मानले. हाताचे ज्ञान मुके राहिले आणि अक्षराचे ज्ञान पांगळे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा प्राथमिक शिक्षणात लेखन-वाचनाच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असा आग्रह धरला होता. १९३७ साली वर्ध्याला मांडली गेलेली नई तालीमही हीच फूट सांधू पाहत होती. तिचा एक धडा मात्र विसरता येत नाही. गरिबांच्या मुलांना टकळी आणि श्रीमंतांच्या मुलांना ग्रंथ, अशी विभागणी होण्याची शंका जेथे आली, तेथे लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. आजही जिल्हा परिषदेच्या शाळेत चिपाडे आणि शहरातील इंग्रजी शाळेत यंत्रमानव, असे झाले तर पालकांचा राग योग्यच ठरेल. म्हणून हे शिक्षण सर्वांसाठी असावे. सावेडीच्या इंग्रजी शाळेतील मुलानेही चिपाडाचा आस करावा, आणि पाथर्डीच्या मुलाच्या हातीही योग्य वयात संगणक यावा.

पाथर्डीचे नाव निघाल्यावर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. बांबू, चटया आणि पाचट यांतून फडाजवळ कोपी उभी राहताना ती पाहतात, तिला हात लावतात. वारा कोणत्या बाजूने येतो, दार कोठे ठेवावे, दोर कोठे ताणावा, मोळ्या रचताना गाडीचा तोल कसा सांभाळावा, हे त्यांना ठाऊक असते. साखरशाळेत किंवा परतल्यावर गावच्या शाळेत त्यांची गणना मागे पडलेली मुले अशी होते. ती मागे पडलेली असतात हे खरे आहे, आणि त्याची कारणे त्यांच्या आईबापांच्या दारिद्र्यात आहेत. एखाद्या तासिकेने ती दूर होणार नाहीत. परंतु आठवड्यातून एकदा तरी वर्गाने या मुलाला, कोपी कशी बांधतात ते आम्हाला दाखव, असे म्हटले, तर शाळेत आपल्यालाही काही येते, ही जाणीव त्याला होईल. शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला ती जाणीव थांबवू शकते. या साऱ्या विषयात पणाला लागलेले आहे ते हेच.

थोडक्यात काय करावे?

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. प्रत्येक अंगणवाडीत आणि प्राथमिक शाळेत एक पेटी असावी : सुतळी, बांबूच्या कामट्या, चिपाडे, करवंट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकामे डबे, मोजपट्टी, तराजू आणि थोडी हत्यारे. तिला कुलूप नसावे, आणि तिच्यातील वस्तू संपल्या किंवा मोडल्या तर हिशेब मागितला जाऊ नये. कारण न मोडलेली पेटी ही न वापरलेली पेटी असते. महिन्यातून एकदा गावातील सुतार, गवंडी, पंप दुरुस्त करणारा किंवा गोधडी शिवणारी आजी यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, आणि त्या दिवशी मुलांनी त्यांना गुरुजी किंवा बाई म्हणावे. वर्गात फसलेल्या प्रयोगांची एक वही ठेवावी. काय केले, का फसले, पुढे काय बदलले, एवढेच त्यात लिहावे. अद्याप लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावे. या तासिकेला परीक्षा नसावी. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई न करता, तुला काय वाटते, करून बघ, या दोन वाक्यांवर भागवावे.

जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांनाही येथे काम आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस जवळच्या प्राथमिक शाळेत मुलांबरोबर जमिनीवर बसून काही बांधावे. त्यात उपकार कोणी कोणावर करणार नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असूनही ज्याने कधी खिळा ठोकलेला नाही, अशा तरुणाला आठ वर्षांच्या मुलाकडून शिकण्यासारखे बरेच सापडेल.

या शिक्षणातून प्रत्येक मूल अभियंता होणार नाही, आणि तसे होण्याची आवश्यकताही नाही. कोणी शेतकरी होईल, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार. परंतु बंद पडलेला पंप, आटलेली विहीर किंवा गावातील तंटा समोर आला असता नशिबाला दोष देण्यापूर्वी तो एकदा वाकून पाहील, की चाक नेमके कोठे अडले आहे. जिल्ह्याला अशा माणसांची गरज आहे, आणि ती घडण्याचे वय सहा-सात वर्षांचे आहे. येत्या हंगामात ज्वारी निघेल, कडब्याच्या गंजी लागतील, आणि कोठेतरी एक मूल चिपाड सोलावयास बसेल. सकाळी शाळेत जाताना ती गाडी त्याने दप्तराबरोबर नेली, तर गुरुजींनी ती काढून न घेता टेबलावर ठेवावी आणि वर्गाला विचारावे : हिचे चाक पहिल्यांदा का फिरले नाही?